जुन्या गाडीचा केबिन फिल्टर बदलताय? या चुका टाळा

सगळ्यात पहिली चूक म्हणजे गाडीत केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, आहे का हेच न बघता पार्ट मागवायचा. नॅश या अमेरिकन गाडी कंपनीने १९३८ मध्येच हीटरच्या हवेला फिल्टर दिला होता, स्वीडनच्या साबने १९७८ च्या सुमारास दिला, पण बाकीच्या बहुतेक गाड्यांत तो नव्वदच्या दशकात आला, त्यामुळे सत्तरच्या दशकातली गाडी असेल तर डॅशबोर्ड उचकटून आत काहीच न सापडण्याची शक्यता भरपूर आहे. आधी मॅन्युअल बघा. फिल्टर असेल तर शक्यतो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे नाहीतर पुढच्या काचेखालच्या जाळीत असतो.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. थंडीत, गार पडलेल्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सची कडी जोरात ओढली आणि कट् असा आवाज आला, संपलं. वीस-तीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं हो! गाडी जरा गरम होऊ द्या, हेअर ड्रायर लांबून फिरवलात तरी चालेल, आणि मग दोन्ही बाजूंनी थोडं थोडं दाबत काढा.

जुना फिल्टर बाहेर काढलात की ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा, अजिबात चालू करायचा नाही, वर साचलेला पालापाचोळा सरळ पंख्यात जातो आणि मग टरटर आवाज सुरू. आत उंदराचं घरटं दिसलं तर झाडू मारू नका, मास्क-ग्लोव्हज घाला, जंतुनाशकाने ओलं करा, मगच उचला.

आता बाण. फिल्टरवरचा बाण हवेची दिशा दाखवतो, गाडीचं तोंड नाही, यात भले भले फसतात. कडेचा फोमही बघा, जुना असेल तर बोटाला काळा भुगा लागतो. नवीन फिल्टर दोन-तीन मिमीने जरी लहान आला तरी हवा बाजूच्या फटीतून जाते, मग फिल्टर लावून काय उपयोग? कडेला फोमची पट्टी चिकटवा.

एवढं करूनही वास येतोय? मग फिल्टरला दोष देऊ नका, एसीच्या कूलिंग कॉइलवर बुरशी असणार. पायाखालचं कार्पेट ओलं लागत असेल तर काचेखालची पाणी जायची भोकं पाल्याने तुंबलीत का बघा, मला विचाराल तर फिल्टरपेक्षा हे काम महत्त्वाचं, कारण तिथूनच आतला पत्रा सडत जातो. आणि ब्लोअर फक्त सगळ्यात फास्टवरच चालत असेल तर बहुतेक रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग, गेलाय. बऱ्याच गाड्यांत तो ब्लोअरच्याच हवेने गार होतो, फिल्टर चोंदला की हवा कमी आणि तो तापून जळतो, म्हणून रेझिस्टर बदलायच्या आधी फिल्टर बदला, नाहीतर नवीनही तसाच जाईल.