कॉकटेल बारला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

आमची पिढी परमिट रूममध्ये शिकली. क्वार्टर, दोन सोडे, बर्फाची वाटी नि चखण्याला फुकटचे शेंगदाणे. त्यामुळे परळला घराजवळच कॉकटेल बार उघडला तेव्हा मेन्यू हातात घेऊन मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो, निम्मे शब्द कळेनात आणि विचारायची लाज. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे शुक्रवार-शनिवार सोडा. मंगळवार-बुधवारी सात-साडेसातला जा आणि टेबल न घेता सरळ काउंटरवर बसा. त्या वेळी बारटेंडर मोकळा असतो, बोलतो, आणि समोर काय चाललंय ते दिसतं. लिंबाचा रस असलेलं ड्रिंक तो शेकरमध्ये घालून दणादण हलवतो आणि नुसत्या दारूचं असलं तर लांब चमच्याने हळू ढवळतो, बर्फाचा आवाजसुद्धा येत नाही. जाऊन आलात की वहिनींना सांगायला एक गोष्ट झाली.

नाव माहीत नसेल तर चव सांगा. "रम चालेल, आंबट पाहिजे, गोड कमी" एवढं बास. मी नव्या बारमध्ये पहिल्यांदा डाकिरी मागवतो, 60 एमएल रम, लिंबू, साखरेचा पाक, संपला विषय. लपवायला जागाच नाही, त्यात लिंबू-साखर जमली नसेल तर पुढचं महागातलं काही मागवू नका. नेग्रोनीची फॅशन आहे, जिन, कंपारी (इटलीची कडू लाल दारू), गोड व्हर्माउथ (मसाले घातलेली वाइन), तिन्ही 30-30, पण कडू असते हां, कारलं आवडणाऱ्यांनीच जावं. आणि लाँग आयलंड आइस्ड टी नावाला चहा आहे, आत व्होडका, जिन, रम, टकिला, ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीची गोड दारू) अशी पाच जणांची बारात, वर कोला, त्यामुळे कळतच नाही किती गेली ते. रिकाम्या पोटी तर नकोच, निघताना एक वडापाव खाऊन जा, तिथलं खाणं प्लेटभर दिसतं आणि दोन घासांत संपतं.

ओल्ड फॅशन्ड म्हणजे थोडी साखर घातलेली व्हिस्की, त्यात सोडा मागू नका. आमच्या एका मित्राने मागितला. बारटेंडरने मोठा चौकोनी बर्फ कापून, संत्र्याची साल पिळून, इतकं निगुतीने बनवलेलं आणि ह्याने वर सोडा ओतला, तो बिचारा काही बोलला नाही पण फडक्याने काउंटरचा तोच कोपरा बराच वेळ पुसत राहिला. तो मोठा बर्फ हळू वितळतो म्हणून असतो, पाणी आपोआप सुटतं.

शाकाहारी असाल तर व्हिस्की सावरबद्दल (व्हिस्की, लिंबू, साखर) आधी विचारा, वरचा पांढरा फेस बऱ्याचदा अंड्याचा असतो. मी हे अंगारकीच्या दिवशी शिकलो, अर्धा ग्लास संपल्यावर. (त्या दिवशी प्यायला का गेलो ते विचारू नका.)

एका ग्लासाचे सातशे-हजार सहज जातात. क्वार्टरच्या हिशोबाने एमएल मोजत बसलात तर घशाखाली उतरणार नाही, दोन ड्रिंक्स ठरवून जा. बिलात जेवणावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट असे दोन वेगळे कर दिसतील, ते बरोबर आहे. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, नको असेल तर शांतपणे काढायला सांगा, पण बारटेंडरने चांगलं बनवलं असेल तर त्याच्या हातात टीप द्या.

आयडी ठेवा, आपल्याकडे वाइन आणि माइल्ड बिअरला 21 आणि बाकी दारूला 25 वय लागतं. 2 ऑक्टोबरला जाऊन बंद शटर बघू नका. गाडी घरी ठेवा, 100 एमएल रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल, किंवा दोन्ही. बार दीडपर्यंत चालू असला तरी लोकल तोपर्यंत थांबत नाही, त्यामुळे विरार-कल्याणवाल्यांनी अकरालाच बिल मागवा. ते यायलाच वीस मिनिटं लागतात.