नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावा

गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करताना मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती धडधाकट बॅटरी भंगारात जाताना पाहून. सेल्फ मारला, नुसतं 'कट-कट' झालं, की बॅटरी गेली असं समजून लोक नवी आणतात. मग काही दिवसांत तीही उतरते, कारण खोट बॅटरीत नव्हतीच.

म्हणून आधी मोजा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, सेल्फ मारण्याआधी, टर्मिनलवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट किंवा थोडे वर म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. चार्जरवर पूर्ण भरा आणि मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. पूर्ण भरूनही तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे. इंजिन सुरू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. हेडलाइट लावूनही आकडा साडेबाराच्या पुढे सरकत नसेल, तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा), त्याचा बेल्ट आणि वायरिंग तपासा. आणि गाडी नुसती उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर कुठेतरी करंट गळतोय. गाडी लॉक करून अर्धा तास गेल्यावर गळती 50 मिलीअँपिअरच्या आत असावी. मागाहून बसवलेला कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टीम हे नेहमीचे चोर.

बॅटरी खरंच गेली असेल तर जुनीवरचं लेबल आणि गाडीचं मॅन्युअल दोन्ही वाचा. लांबी-रुंदी-उंची आणि प्लस-मायनसची बाजू जुळलीच पाहिजे. उलट्या बाजूची बॅटरी घेतलीत तर वायर पोचत नाही, ओढून बसवावी लागते. अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता, आणि सीसीए मॅन्युअलपेक्षा कमी नको. सीसीए म्हणजे उणे 18 अंशाला ती 30 सेकंद किती करंट देऊ शकते तो आकडा. थोडी मोठी बॅटरी जागेत नीट बसत असेल तर खुशाल घ्या, तिच्यामुळे अल्टरनेटर जळत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत मात्र मूळ ईएफबी किंवा एजीएम (वारंवार चार्ज-डिस्चार्ज सोसणाऱ्या खास प्रकारची बॅटरी) असेल, तर साधी बॅटरी बसवू नका. सततच्या चार्ज-डिस्चार्जने ती लवकर बसते. अशा बऱ्याच गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने कॉम्प्युटरमध्येही करावी लागते.

मी ब्रँडपेक्षा उत्पादनाची तारीख आधी बघतो. बॅटरी शेल्फवर पडल्या पडल्याही उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं. शक्यतो तीन महिन्यांच्या आतली मागा आणि दुकानातच मीटर लावायला सांगा. साडेबाराच्या खाली असेल तर दुसरी मागा.

काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. हा क्रम कधीच मोडू नका. मायनस जोडलेला असताना प्लसच्या नटवर लावलेला पाना बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट, ठिणग्या आणि भाजलेला हात. बॅटरीतून हायड्रोजनही सुटतो, त्यामुळे जवळ आग नको आणि डोळ्यांवर गॉगल हवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासा, धुवा, कोरडं करा. क्लॅम्प घट्ट आवळून मग वरून व्हॅसलीन लावा. क्लॅम्प हाताने फिरता कामा नये.

तितकीच महत्त्वाची ती बॅटरी दाबून धरणारी पट्टी. नव्या बॅटरीची उंची थोडी कमी असली की ही पट्टी सैल राहते आणि घाईत कोणी बघत नाही. मग प्रत्येक खड्ड्याला आतल्या प्लेटा हादरतात, त्यांच्यावरचं मटेरियल झडून तळाशी साचतं. दोन्ही हातांनी बॅटरी हलवून बघा. तसूभरही हलली तर काम अजून अर्धवट आहे.

पुढची देखभाल फारशी नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा बुडालेल्या आहेत ना ते बघत राहा, उन्हाळ्यात जरा जास्त वेळा, कारण उष्णतेनेच बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त घटतं. पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच घाला, तेही चार्ज झाल्यावर. अॅसिड कधीच नाही. एजीएम उघडायची नसते.

रोजचा प्रवास पाच-दहा मिनिटांचाच असेल तर सेल्फने घेतलेला चार्ज पुरता भरून येत नाही. त्यात एसी, लाइट चालू. अशा गाडीला अधूनमधून लांब फेरी द्या किंवा ऑटोमॅटिक चार्जर लावा, एजीएमला तिच्यासाठीचा मोड निवडून. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा पुरतो, म्हणजे 45 अँपिअर-अवरला साडेचार अँपिअर. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी आधी पूर्ण भरा आणि मगच मायनस काढून ठेवा.