गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त होते – माझा अनुभव

आमचं घर सांगलीत विश्रामबागला, मागं जुनी दगडी भिंत. पावसाळा लागला की मोत्याला गोचीड व्हायचे, रोज चिमट्यानं काढायचो आणि आठवड्यात परत तेवढेच. शेजारच्या काकू म्हणाल्या रॉकेल लाव, पण त्यानं कातडी भाजते आणि चाटलं की पोटात जातं, ते नको वाटलं. मग एक दिवस मोत्यानं भाकरीला तोंडच लावलं नाही, अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या, मला तर रडूच आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर गोचीड ताप, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं 28 दिवस, जेवणासोबत, एकही दिवस चुकवला नाही.

डॉक्टर म्हणाले मादी रक्त पिऊन खाली पडते आणि फटीत हजारो अंडी घालते, नुसतं कुत्रं साफ करून काय उपयोग. टॉर्च मारून बघितलं तर मोत्याच्या झोपायच्या पोत्यामागच्या फटीत वाटाण्याएवढी करडी टपोरी मादी बसलेली! पोतं जाळलं, फटी सिमेंटनं बुजवल्या, आणि वजनाप्रमाणं गोचिडाची गोळी चालू केली. रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या मधे हात फिरवून बघतो. तीन महिने झाले, एक पण सापडला नाही, आणि भाकरी थापताना मोत्या परत ओट्याखाली येऊन बसतोय.