फ्रायरवर हात भाजला? आधी केसपेपर वाचा

फ्रायरमधलं तेल 170–180 अंशांवर तापलेलं असतं. शनिवारी संध्याकाळी ऑर्डरींची रांग लागते, बास्केट घाईत झटकली जाते आणि मनगटापर्यंत फोड येतात. बर्गर-फ्राइजच्या दुकानात राबणाऱ्या पोरांना हे नवं नाही. याची भरपाई मिळते हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं, आणि ठाऊक असणारेही बरेचदा पहिल्या तासातच ती घालवून बसतात.

पहिलं काम पाण्याचं. हात वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. मग दवाखाना.

खरी मेख दवाखान्यातच आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला मॅनेजर स्वतः बाइकवर बसवून घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "बिल मी भरतो, फक्त घरी भाजलं म्हण." मुलगा तसंच बोलला. केसपेपरवर निळ्या शाईत उमटलं : 'घरी गरम तेल सांडून'. दीड महिना हात पट्टीत, पगार बंद. पुढे दावा करायला गेला तेव्हा जो तो त्याच ओळीवर बोट ठेवायचा. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा : ड्यूटीवर होतो, अमुक दुकानात, साडेआठ वाजता, फ्रायरवर. आणि लिहिलेलं वाचल्याशिवाय उठू नका.

त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकल्या तरी चालतील, पण तारीख-वेळ हवी. अपघात नोंदवहीत नोंद करायला सांगा, सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा असंही त्यात लिहा. रोस्टरचा फोटो काढा, शेजारी कोण उभं होतं त्याचं नाव टिपून ठेवा. "चूक माझीच होती" म्हणून गप्प बसू नका. नुसत्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही.

आता पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, 0.75 टक्के कपात दिसते का? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार आणि दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील, तर साधारणपणे ती दिसायला हवी. ठेकेदाराकडून आलेला असाल तरीही. कपात असेल तर दावा ईएसआयच्या शाखा कार्यालयात. मालकाचा अपघात अहवाल आणि ईएसआय डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. उपचार तिथेच होतात, आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलं तर रोजच्या सरासरी वेतनाच्या 90 टक्के भत्ता मिळतो. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी मिळतो. अडलं तर 1800-11-2526 हा टोल फ्री नंबर आहे.

ईएसआय लागू नसेल, म्हणजे चार-पाच जणांचं छोटं दुकान असेल, तर भरपाई थेट मालकाकडून घ्यायची. गॅस किंवा विजेवर चालणाऱ्या हॉटेलातले स्वयंपाकी भरपाईच्या कायद्याच्या यादीत आहेत. दोन्ही वाटा एकदम धरता येत नाहीत. मालकाकडून भरपाईचा मूळ कायदा 1923 चा, ईएसआयचा 1948 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. मालकाकडच्या दाव्याची मुदत दोन वर्षांचीच आहे.

या दुसऱ्या वाटेवरचं गणित करून बघा. वय 20, पगार 14,000, स्लायसरमध्ये अंगठा पूर्ण गेला. पगाराचे 60 टक्के म्हणजे 8,400. या वयासाठी कायद्यात ठरलेला गुणक 224, म्हणजे 18,81,600. अंगठा गेला की कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरतात, म्हणून 5,64,480 रुपये. मालकाने "दहा हजार घे आणि मिटव" म्हटलं की हा आकडा आठवा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज चढतं, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

रात्री एकला क्लोजिंग करून घरी जाताना गाडी घसरली तर? 29 जुलै 2025 रोजी महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या वाटेवरचा अपघातही भरपाईत धरला. मात्र वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो. त्यामुळे त्या रात्रीची पंच-आउटची वेळ फोनमध्ये असू द्या, आणि घराचा नेहमीचा रस्ता सोडून कुठे वळला नव्हतात एवढं सांगता आलं पाहिजे.