उठण्यापूर्वी एक ओळ लिहून ठेवा

मन लावून काम करत असताना मध्येच फोन आला किंवा सहकाऱ्याने हाक मारली, तर त्या बोलण्यात गेलेल्या पाच मिनिटांपेक्षा, परत बसल्यावर आपण नेमके कुठे होतो हे आठवण्यात जाणारा वेळच पुष्कळदा अधिक महागात पडतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये असे दाखवले की, अर्धवट सोडलेले काम मनातून लगेच निघून जात नाही. लक्षाचा काही अंश त्यातच अडकून राहतो आणि त्यामुळे हाती घेतलेले दुसरे कामही कच्चे होते. थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह २०१८ मध्ये त्यांनी सुचवलेला उपाय अगदी सोपा आहे: उठण्यापूर्वी, आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर पहिल्यांदा काय करायचे, हे थोडक्यात लिहून ठेवावे.

ही नोंद कागदावरच करावी, असा माझा आग्रह आहे, कारण नोंदीसाठी मोबाइल उचलला की दुसरे संदेश दिसतातच. शिवाय ‘हिशेब बघणे’ अशी मोघम नोंद उपयोगाची नाही. ‘मार्चची बेरीज जुळत नाही, आधी प्रवासखर्चाच्या पावत्या तपासणे’ इतकी ती नेमकी असावी. समोरच्याला ‘एवढी ओळ लिहितो, मग बोलू’ असे सांगण्यात उद्धटपणा मुळीच नाही, कारण त्यानंतर त्याचे म्हणणे पूर्ण लक्ष देऊन ऐकता येते. संध्याकाळी काम थांबवतानाही अशीच ओळ लिहून कागद टेबलावर ठेवावा.