जुन्या लंडनच्या उपनगराची तब्येत कशी तपासायची

व्हिक्टोरियन काळातलं एखादं झपाट्यानं वाढणारं उपनगर किती निरोगी होतं हे शोधायचंय? मग पहिली गोष्ट, मृत्यूदराच्या आकड्याला भुलू नका, मी भुललो होतो आणि आठवडाभर चुकीच्या निष्कर्षावर खूश होतो.

सुरुवात हेल्थ ऑफिसरच्या रिपोर्टपासून करा. १८५५च्या कायद्यानं लंडनच्या स्थानिक मंडळांना मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ नेमणं सक्तीचं झालं, त्यांचे वार्षिक रिपोर्ट लंडनच्या वेलकम कलेक्शन या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयानं स्कॅन करून फुकट ठेवलेत. फक्त नाव नीट शोधा हं. लंडनचं बॅटरसी हे उपनगर घ्या, १८८८पर्यंत ते वॉन्ड्सवर्थ मंडळाखाली होतं, त्यामुळे नुसतं बॅटरसी टाकून बसलात तर आधीची वर्षं हाती लागायची नाहीत.

आता ती मृत्यूदराची गोम. जनगणना दर दहा वर्षांनी, मधल्या वर्षांची लोकसंख्या अंदाजानं. बॅटरसीत १८७१ला साधारण ५४ हजार माणसं, १८८१ला १ लाख ७ हजार, म्हणजे दुप्पट. याच वेगानं पुढे धरलं तर १८९१ला २ लाखांच्या वर जायला हवं, पण मोजली तेव्हा निघाली दीड लाखाच्या आसपास! मृत्यू भागिले लोकसंख्या या भागाकारात खालचा आकडा फुगला की दर आपोआप खाली येतो आणि गटारं तशीच तुंबलेली असली तरी कागदावर गाव एकदम ठणठणीत. त्यात नव्या वस्तीत तरुण जोडपी जास्त, म्हणून एकूण दर तसाही कमीच दिसतो. त्यापेक्षा दर हजार जन्मांमागे किती बाळं वर्षाच्या आत गेली ते बघा, आणि उन्हाळ्यातले जुलाबाचे मृत्यू वेगळे काढा, तिथे अस्वच्छता लपत नाही.

मग त्याच रिपोर्टमधला सॅनिटरी इन्स्पेक्टरचा, म्हणजे स्वच्छता तपासनिसाचा, तक्ता उघडा. रटाळ दिसतो पण खरा माल तिथेच: किती घरं तपासली, किती मैल्याचे खड्डे बुजवले, किती संडासांना पाण्याची जोडणी दिली, किती ठिकाणची डुकरं हलवली. संडास आहे पण फ्लशला पाणी नाही अशी नोंद दिसली तर थांबून वाचा, कारण पाणी पुरवणाऱ्या कंपन्या बऱ्याच ठिकाणी दिवसातून थोडाच वेळ पाणी सोडायच्या.

शेवटी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा, २५ इंची (एका मैलाला २५ इंच) जुना नकाशा शेजारी उघडा, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर मिळतो. त्यावर पी म्हणजे पंप, डब्ल्यू म्हणजे विहीर. परसात संडास कुठे असेल आणि पंप किती जवळ ते बोटानं मोजा, मग रिपोर्टमध्ये त्याच गल्लीत विषमज्वर (टायफॉइड) लागला होता का बघा. लागला असेल तर लगेच पंपाला फाशी देऊ नका, दूधवाल्याकडूनही तो ताप पसरायचा, म्हणून त्या घरांचं दूध कुठून यायचं हेही रिपोर्टमध्ये शोधा.