पहिला संगणक जुळवताना आधी सॉकेट पाहा
घरी पहिला डेस्कटॉप जुळवणाऱ्याने प्रोसेसर आणि मदरबोर्ड ही जोडी आधी ठरवावी, कारण सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा जुळावी लागते: एएमडी कंपनीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर तिच्याच आधीच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर बसत नाही आणि रॅमही फक्त डीडीआर५ प्रकारची चालते. आधीच्या डीडीआर४ प्रकारच्या रॅमपट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती जोर लावून कधीही बसवू नये. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून पैसे देण्याआधी खोक्यावरचा रॅमचा प्रकार स्वतः वाचावा. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून घ्यावी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पुढच्या बाजूला काच नव्हे, जाळी असलेलेच कॅबिनेट निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन.